टाकीबाबा आणि दोन सेकंदांचा आवाज

बाबांचा चेला राधेश्याम याने चावी फिरवली, सोमेश्वरच्या हलगीचा कडकडाट झाला आणि पाण्यावरची गाडी सुरू झाली.

"झाऽऽली! झाऽऽली!" अख्खं रान उठून उभं राहिलं. वडीगोद्रीच्या अलीकडे, हमरस्त्याच्या कडेला एक बंद पडलेला ढाबा आहे. त्याच्या मागे, मोसंबीच्या बागेला लागून त्या रविवारी दुपारी हजारभर माणूस जमलं होतं. जीपवाले, व्हॅनवाले, शाळेच्या पोरांना ने-आण करणारे, कुणी मंठ्याचे, कुणी थेट पिंपळगाव रेणुकाईचे. गाड्यांची रांग हमरस्त्यापर्यंत गेली होती.

आणि बघितलं होतं ते प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी. बाबांच्या पांढऱ्या व्हॅनची मागची सीट काढली, टाकीचं गोल झाकण उघडलं. आतला पंप बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. पाइप लावून पेट्रोल उपसलं, धोतराच्या फडक्याने टाकी आतून पुसली. गावातले जुने जाणते काकासाहेब, ज्यांच्या शब्दाला सगळे मान देतात, त्यांनी बॅटरी मारून आत डोकावून सांगितलं, "कोरडी ठाक हाय!" मग हातपंपाचं पाच लिटर पाणी ओतलं, पंप परत बसवला, मंत्र झाला आणि गाडी सुरू झाली. आता याहून जास्त काय पाहिजे?

बाबांचं खरं नाव जलयोगी तत्त्वानंद. लोकांना एवढं लांबलचक नाव घ्यायला फुरसत नव्हती, म्हणून ते झाले टाकीबाबा. निळी कफनी, गळ्यात तांब्याच्या चकत्यांची माळ, हातात माइक.

"जल म्हणजे जीवन!" बाबा गरजले. "जीवन म्हणजे गती! गती म्हणजे गाडी! मंग गाडी म्हणजे काय?"

"जल!" रानाने उत्तर दिलं.

"शास्त्र काय म्हणतं? एच टू ओ! त्यातला ओ कोण? ओ म्हणजे ओम! तुम्ही रोज ओम पिऊन राह्यले अन् गाडीला पेट्रोल पाजून राह्यले. गाडीनं तुमचं काय वाकडं केलं?"

लोक हसले, टाळ्या पडल्या. गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या अक्षताला मात्र हसू आलं नाही. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती, घड्याळ बघत होती आणि पुन्हा पुन्हा रांगेकडे बघत होती. रांगेत एकोणिसाव्या नंबरला तिच्या भावाची व्हॅन उभी होती आणि सतरावा नंबर चालू होता.

अक्षताचं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर तिचा एवढा जळफळाट का व्हावा ते कळणार नाही. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात ती गाड्यांचे इलेक्ट्रिक पेट्रोलपंप डिझाइन करते. हे रस्त्यावरचे पेट्रोलपंप नव्हेत. हा मुठीत मावेल एवढा. गाडीच्या टाकीत, तळाशी, पेट्रोलमध्ये बुडून बसतो आणि इंजिनला पेट्रोल ढकलतो. त्यात नाण्याएवढं एक चाक असतं. चाक आणि भिंत यांच्यातली फट केसाएवढी. फट जास्त झाली की पेट्रोल मागे निसटतं, कमी झाली की चाक घासतं. कमी करंटमध्ये तेवढंच पेट्रोल ढकलणारा पंप करायचा म्हणून ती अकरा महिने त्या फटीशी झुंजत होती. अकरा महिन्यांत तिने सहा अँपिअरचे साडेचार केले होते. आणि हा निळा गडी एका मंत्रात पेट्रोलच रद्द करून मोकळा झाला होता!

आदल्या दिवशी तिला बबलूचा फोन आला होता. बबलूचं हमरस्त्यावर गॅरेज आहे.

"ताई, माझ्याकडं आठ गाड्या पडून हायेत. सगळ्यांच्या टाकीत पाणी. इचारलं तर म्हणतेत, आमची श्रद्धा कमी पडली. मी म्हणलं, श्रद्धा न्हाई बाबा, पेट्रोल कमी पडलं. तर माझ्याच अंगावर आले. अन् तुमच्या भागवतदादाचा नंबर उद्याला लागलाय बरं का."

म्हणून ती सकाळची पहिली एसटी धरून आली होती.

सतराव्या नंबरचा जलाभिषेक आटोपला. म्हणजे त्याच्या टाकीतलं पेट्रोल बाबांच्या ड्रममध्ये गेलं आणि टाकीत पाणी पडलं. मग चार जणांनी ती गाडी ढकलत रानाबाहेर नेली. बाबांचा नियमच होता, पहिला अख्खा दिवस इंजिन सुरू करायचं नाही, जल मुरू द्यायचं. येताना ऐटीत चालत आलेल्या गाड्या जाताना माणसांच्या खांद्यांनी रेटल्या जात होत्या. आणि ढकलणारे घाम पुसत पुसत जयजयकार करत होते!

अक्षता तरातरा भावाच्या व्हॅनपाशी गेली.

"तू कामून आली?" भागवतने कपाळाला आठ्या घातल्या. "बबल्यानं लावलं ना?"

"दादा, गाडी फिरव. आत्ताच्या आत्ता."

"फिरवायला आल्तो का मी हितं? तीन हप्त्यांपासून नंबर लावलाय."

मागच्या सीटवर वहिनी बसली होती, दैवशाला. चेहरा सुजलेला, डाव्या हाताच्या शिरेवर सुयांच्या चिकटपट्ट्या. दोन वर्षांपासून दर सोमवारी आणि गुरुवारी भागवत तिला जालन्याला डायलिसिसला नेतो. उद्या सोमवार होता. सकाळी आठची वेळ.

अक्षताने पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली. बबलूच्या गॅरेजमधून तिने अर्धी बाटली पेट्रोल आणलं होतं. त्यात तिने पाणी ओतलं, बूच लावलं आणि खळखळा हलवून बाटली भावाच्या डोळ्यांसमोर धरली. क्षणभर सगळं गढूळ झालं, मग पाणी खाली बसलं आणि पेट्रोल वर आलं.

"बघ. पाणी जड, तळाला बसतं. आता हे बघ." तिने फडक्यात गुंडाळलेला आपला नमुन्याचा पंप काढला. "हे पंपाचं तोंड. टाकीत ते कुठं असतं?"

"तळाला."

"मंग आधी काय उचलेल?"

"पाणी," भागवत म्हणाला. "मला काय कळत न्हाई का? तेरा वर्षं झाले गाडी चालवून राह्यलो. माझा काटा मेलाय तरी मी निस्ती चावी फिरवून पंपाच्या आवाजावरून सांगतो, टाकीत किती हाय ते. पण त्यांची गाडी चालली ना डोळ्यासमोर? ते खोटं हाय का?"

"खोटंच आहे!"

"कसं? सांग."

अक्षताने पंप परत फडक्यात गुंडाळला. कसं ते तिला माहीत नव्हतं.

"तू साल साल झगडून किती पेट्रोल वाचवलं गं?" भागवतने डिवचलं.

"शंभर लिटरमागं... अर्धा लिटर."

"अर्धा!" तो हसला, पण त्या हसण्यात दम नव्हता. मग तो बहिणीच्या जवळ सरकून हळूच म्हणाला, "अक्षे, पेट्रोलचं कोण बोलून राह्यलं? पेट्रोल जाऊ दे चुलीत. बाबा म्हणले, ज्याची टाकी शुद्ध त्याच्या घरातली पाण्याची व्याधी शुद्ध. सात जलाभिषेक झाले की हिला मशीनवर न्यायची गरज न्हाई. उद्याचा वार सोडा म्हणले."

अक्षताने खिडकीतून वहिनीकडे बघितलं. मागच्या पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं म्हणून एकच वार चुकला होता. तिसऱ्या दिवशी वहिनीच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं. आडवं होता येईना, बोलता येईना, बसल्या बसल्या माशासारखी तोंड उघडत होती. तिला गाडीत घालून नेणारा हाच भागवत होता.

"आणि तू ऐकलंस? विसरलास तू मागचं?"

"विसरलो न्हाई म्हणून तर आलो!" भागवत ओरडला. "दर वारी दोन सुया. दर वारी तिचं तोंड बघत चार तास बसतो मी. कुणी म्हणलं ना, विहिरीत उडी घे, ही बरी होईल, तर मी बिलकुल उडी घेईन. तुझी बाटली ठेव तुझ्यापाशी."

दैवशाला खिडकीतून बाहेर बघत होती. ती एवढंच म्हणाली, "मला डॉक्टरानं दिवसाला लिटरभर पाणी मोजून देल्लंय. गाडीचं नशीब बघा, पाच लिटर फुकट."

अठरावा नंबर सुरू झाला होता. अक्षताला उभं राहवेना. ती गर्दीतून वाट काढत थेट बाबांच्या गाडीसमोर गेली. बायकांनी यंत्रापासून पाच हात लांब राहायचं असा नियम होता, दोरीच बांधली होती. तिने दोरीपलीकडूनच हाळी दिली.

"महाराज, एक शंका आहे."

"विचार पोरी. शंकेचंच पाणी करतो आम्ही."

"गाडी पाणी पिते ना?"

"पिते ना! घटाघटा पिते."

"मंग टाकीतलं पाणी कमी व्हायला पाहिजे. आधी मोजा, अर्धा तास इंजिन चालवा, परत मोजा. काकासाहेबांच्या हातून."

रानात कुजबुज सुरू झाली. मापाची गोष्ट निघाली की मराठवाड्यातला माणूस कान टवकारतो. विहिरीचं पाणी असो की ड्रममधलं डिझेल, काकासाहेब ज्वारीची सोललेली काडी, म्हणजे धांड, बुडवून, नखाने खूण करून जे माप सांगतील ते बराबर. त्यांनी धांड मागवलंही. बाबांना नाही म्हणता येईना. राधेश्यामने डोळ्याने काहीतरी विचारलं, बाबांनी मान हलवली.

धांड टाकीत गेलं, खूण झाली. अर्धा तास इंजिन घुरघुरत राहिलं, भजन चाललं. अक्षताने नखं कुरतडली. मग काकासाहेबांनी धांड पुन्हा बुडवलं, उन्हात धरलं, चष्मा वर केला.

"न्हाई बुवा. जिथल्या तिथं हाय. थेंबसुद्धा कमी न्हाई!"

"बघा!" अक्षता ओरडली. "गाडी पाणी पीतच नाही!"

एक क्षण तिला वाटलं, जिंकले. बाबांनी डोळे मिटले. माळ कपाळाला लावली. मग एकदम दोन्ही हात आभाळाकडे फेकले.

"अक्षऽऽय! टाकी अक्षय झाली रे! अर्धा तास गाडी चालली, थेंब सरला न्हाई! लेकरांनो, हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. या पोरीच्या तोंडून जलदेवताच बोलली!"

झालं! जयजयकाराने मोसंबीच्या बागेतली पाखरं उडाली. काकासाहेबांनी धांड कपाळाला लावून लोटांगण घातलं. दोन बायकांनी अक्षताच्याच पायांवर डोकं ठेवलं. तिने झटकन पाय मागे ओढले. जोखायला गेली आणि त्याला नवाकोरा चमत्कार बहाल करून बसली होती. आता पाणी पुन्हा ओतायचीही गरज नव्हती!

"नंबर एकोणीस!" राधेश्यामने पुकारा केला. "भागवत, गाडी घे."

भागवत बहिणीकडे बघतही नव्हता. त्याची व्हॅन पुढे सरकली. दैवशालाला बाहेर उतरवून एका उलट्या क्रेटवर बसवलं होतं. अक्षता तिच्याजवळ येऊन मटकन बसली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते तिने दुपट्ट्याने पुसलं. शेजारीच सोमेश्वर काटक्यांच्या जाळावर हलगी शेकत बसला होता. ऊब लागली की हलगीचं चामडं ताणलं जातं आणि आवाज खणखणीत निघतो.

"किती वाजवायचं, सोमेश्वरभाऊ?" दैवशालाने विचारलं.

"इचारू नका वहिनी. हात सुजले. अन् वाजवणं तरी कसलं? चावी फिरली की वाजव, इंजिन लागलं की थांब. अर्ध्या मिनिटाचं काम. मधी भजनाला जरा ठेका धरला तर तो राधेश्याम वसकन अंगावर येतो. म्हणतो, चावीच्या टायमाला हात चुकला तर हिशेब न्हाई. माझ्या बापानंसुद्धा असलं वाजवलं न्हाई कधी."

अक्षताने डोळे पुसायचे थांबवले.

"परत सांगा. चावी फिरली की?"

"चावी फिरली की. आधी न्हाई, नंतर न्हाई."

चावी फिरणं आणि इंजिन लागणं यांच्या मध्ये काय असतं? हे अक्षतापेक्षा कोणाला जास्त माहीत? अकरा महिने ती तेच तर ऐकत होती. चावी अर्धी फिरवली की इंजिन लगेच लागत नाही. आधी टाकीतला पंप एकटा चालतो, दोन सेकंद. 'उंऽऽ' असा बारीक आवाज करून तो पाइपमध्ये पेट्रोल दाबून ठेवतो आणि मग थांबतो. त्यानंतर चावी पूर्ण फिरवायची. कारखान्यात ती पंप बघण्याआधी ऐकते. आवाज कोणता, किती, कुठून.

कुठून!

"वहिनी," ती दैवशालाचा हात धरून भराभरा बोलायला लागली, "टाकीतला पंप नुसता दाखवायला आहे. तो चालतच नाही. खरा पंप दुसरीकडे आहे आणि खरं पेट्रोलही. त्याचा आवाज कुणी ऐकू नये म्हणून ही हलगी. एकदा, फक्त एकदा हलगी थांबली पाहिजे. पण मी सांगितलं तर म्हणतील, ही पोरगी विघ्न आणते."

"एवढंच ना?" दैवशाला म्हणाली. "मंग मी सांगते. आजारी बाईला कोण काय म्हणणार हाय?"

ती उठली, क्रेट ओढत सोमेश्वरच्या अगदी जवळ गेली आणि आपला चिकटपट्ट्यांचा हात त्याच्या हलगीवर ठेवला.

"भाऊ, डोकं फुटायला आलंय माझं. एकदा नका वाजवू. माझ्या नवऱ्याच्या टायमाला तरी."

सोमेश्वरने तो हात बघितला. मग पुढे राधेश्यामकडे बघितलं. त्याने हलगी मांडीवर आडवी ठेवली.

तिकडे विधी सुरू झाला होता. प्रत्येक नव्या शिष्याने बाबांच्या गाडीच्या टाकीवर दोन्ही तळवे टेकायचे, बाबांची गाडी साक्ष म्हणून एकदा सुरू करायची, मग शिष्याच्या गाडीतलं पेट्रोल उपसायचं असा क्रम होता. भागवत मागून गाडीत वाकला. त्याने टाकीच्या झाकणावर तळवे टेकले आणि डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते. काय मागत होता ते वेगळं सांगायला नको.

बाबांनी बोट वर केलं. राधेश्यामने सवयीने चावी फिरवली.

हलगी वाजली नाही.

"उंऽऽऽ."

बारीक, तीक्ष्ण, दोन सेकंद. मग इंजिन लागलं.

भागवतने डोळे उघडले. तळव्यांकडे बघितलं. मग मान वर करून गाडीच्या पुढच्या भागाकडे बघितलं.

"बंद कर," तो राधेश्यामला म्हणाला.

"काय?"

"इंजिन बंद कर. अन् चावी फिरव परत. निस्ती अर्धी."

"वाजव रे, वाजव!" बाबा सोमेश्वरवर खेकसले. "नादाशिवाय जल जागं व्हत न्हाई!"

"आत्ता तर झाल्तं जागं, बिना नादाचं," सोमेश्वर जागचा न हलता म्हणाला.

तोवर अक्षता दोरी ओलांडून आत शिरली होती. पाच हात गेले खड्ड्यात! "सगळे ड्रायव्हर इकडं या!" ती जीव तोडून ओरडली. "तुमच्या व्हॅनमध्ये चावी फिरवली की पंपाचा आवाज कुठून येतो?"

"मागून," चार-पाच जण एकदम म्हणाले. "मागच्या सीटखालून."

"आता ऐका. गप्प बसा सगळे आणि ऐका!"

राधेश्यामचा हात चावीवरून निसटायला लागला होता. भागवतने पुढे येऊन खिडकीतून हात घालून स्वतःच इंजिन बंद केलं आणि चावी अर्धी फिरवली.

"उंऽऽऽ."

"पुढून!" काकासाहेबच पहिले बोलले. त्यांचा आवाज चिरकला. "ड्रायव्हरच्या बुडाखालून!"

"माझ्या हाताखाली कायच हाललं न्हाई," भागवत म्हणाला. तो बाबांकडे वळला. "बाबा, तेरा वर्षं झाले मी ती थरथर ओळखतो. तुमची टाकी मेलेली हाय. उतर रे राधेश्याम."

"खबरदार!" बाबांनी माळ उगारली. "त्या आसनाखाली माझ्या गुरूच्या समाधीची माती हाय! उचललं तर भस्म व्हशील!"

भागवत क्षणभर थबकला. मग त्याने दूर क्रेटवर बसलेल्या बायकोकडे बघितलं.

"होतो भस्म," तो म्हणाला आणि सीट उचलली.

समाधीची माती वगैरे काही नव्हतं. तेलाचा पाच लिटरचा डबा होता. त्याच्या तळाला पाइप, पाइपला टायरच्या ट्यूबने करकचून बांधलेला मुठीएवढा पंप, तिथून दुसरा पाइप सरळ इंजिनकडे. आणि वास! त्या रानात एकही ड्रायव्हर असा नव्हता की ज्याला तो वास ओळखता आला नसता.

"काका," अक्षता म्हणाली, "तुमचं धांड आणा. आता ह्यात मोजा."

काकासाहेबांनी धांड डब्यात घातलं, बाहेर काढलं आणि वास घेतला. मग धांडावरच्या ओल्या खुणेकडे बघत राहिले. त्यांचं तोंड लाल झालं होतं.

"ह्यातलं मात्र कमी झालंय बरं का," ते म्हणाले. "अर्ध्याला आलंय. पोरीचं माप खरं हुतं. मी टाकी चुकीची मोजली."

बाबांनी शेवटचा प्रयत्न केला. "ते... ते तर ठिणगीपुरतं, लेकरांनो! विरजणाला जसं चमचाभर..."

"चमचाभर? हे तर पाच लिटरचं विरजण हाय की!" सोमेश्वर म्हणाला आणि लोक हसले. लोक हसले तिथेच बाबा संपले. राधेश्याम तर केव्हाच मोसंबीच्या बागेत पसार झाला होता. दोघा-चौघांनी दगड उचलले, तेव्हा काकासाहेब आडवे आले. "दगड खाली ठेवा. कायदा हाय ह्याला. बसवा त्याला त्याच्याच गाडीत अन् पोलिसांना फोन लावा."

आठ गाड्यांचे मालक पुढे आले, माना खाली घालून. "आम्हाला वाटलं, आमचीच श्रद्धा कमी पडली," त्यातला एक म्हणाला.

अक्षताने बाबांचा माइक उचलला. भाषण करायची तिला सवय नव्हती.

"तुमची श्रद्धा कमी नव्हती, दादा. जास्तच होती. तुम्ही टाकी बघितली, पाणी बघितलं, सगळं डोळ्यांनी बघितलं. मीसुद्धा मोजायला गेले आणि चुकले, कारण त्यानं दाखवली तीच टाकी मी मोजली. तो दाखवील तेवढंच बघू नका. तो काय झाकतो ते विचारा. ऐन वेळेला वाजवणं कशाला? सीटखाली हात का लावू देत नाही? बायका पाच हात लांब का? ज्या खऱ्याला प्रश्नाची भीती वाटते ते खरं नसतं. माझा पंप शंभर लिटरमागं अर्धा लिटर वाचवतो. तेवढंच वाचवतो. पण तो तुम्ही उघडा, मोजा, ऐका, कुणालाही दाखवा. त्याच्याभोवती मी दोरी बांधलेली नाही. आणि कुणी म्हणलं, दवाखाना सोडा, मशीन सोडा, औषध सोडा, तर तिथं थांबूच नका. गाडी फिरवा."

तिने माइक खाली ठेवला.

सोमवारी सकाळी सव्वासहाला वडीगोद्रीत तिघं व्हॅनमध्ये बसली. अक्षताला कारखान्यात जायचं होतं, दैवशालाला मशीनवर. गाडी भागवतच्या हातात होती. त्याने चावी अर्धी फिरवली आणि हात तसाच ठेवला. मागच्या सीटखालून आवाज आला, उंऽऽ. त्याने तो पूर्ण ऐकून घेतला.

"किती हाय रे टाकीत?" दैवशालाने मागून विचारलं.

"जालन्याला जाऊन येण्यापुरतं बराबर हाय." मग तो आरशात तिच्याकडे बघत म्हणाला, "चुकलो मी."

"चुकला तर. मी चालले अंगातलं पाणी काढायला अन् माझा नवरा निघाल्ता गाडीत पाणी घालायला." ती हसली आणि तिने डोकं अक्षताच्या खांद्यावर टेकलं. "चल आता जल्दी. आठला नंबर हाय माझा."

भागवतने चावी पूर्ण फिरवली.